उघडी मोटार, बंद मोटार आणि पहिला धोंडा

१४ एप्रिल १९५३, मंगळवार. तीर्थपुरी.

आजपासून अधिक महिना. आजपासूनच रोजनिशी. मोठ्या माणसांच्या आयुष्यातल्या तारखा पुढे लोकांना लागतात. तेव्हा शोधाशोध नको.

सगुणा काल भावाबरोबर माहेरी, पिंपळगाव रेणुकाईला गेली. लग्नानंतरचा आमचा पहिला धोंडा. म्हणजे या महिन्यात सासऱ्यांनी जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तबकात वाण द्यायचं, अंगावर आहेर चढवायचा. जावयानं फक्त जायचं. इतकं सोपं काम मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

जाताना सगुणा म्हणाली, कशानं बी या, पण लवकर या. पहिला धोंडा हाय, माहेरात माझी मान खाली जाऊ देऊ नका.

'कशानं बी' हे मला लागलं. माझे साडू भुजंगराव, भोकरदन तहसिलीतले कारकून, मागच्या धोंड्याला कोणाची तरी फटफटी मागून आणून तीवर गेले होते. सासुरवाडी अजून त्या फटफटीचा आवाज काढून दाखवते. म्हणजे वाहनाचं महत्त्व त्या घराला आहे. बोलून दाखवत नाहीत एवढंच.

निश्चय: मी स्पोर्ट्‌स कारनं जाणार. आठवड्याच्या आत.

१६ एप्रिल. जालना.

किशनलालकडे आलो. किशनलाल इथला सरकीचा व्यापारी, वडलांच्या वेळेपासून आमचा कापूस घेतो. जहागिऱ्या गेल्यावर हैदराबादच्या एका जहागीरदारानं आपल्या दोन विलायती मोटारी याच्या गोदामात आणून लावल्या आणि विकून टाक म्हणून सांगितलं. सगळा जिल्हा ह्या मोटारी बघून गेला. घ्यायला आलेला मीच पहिला.

एक कन्व्हर्टिबल. हिरवी. कापडी टप मागे पाडला की वर थेट आभाळ. दुसरी कूपे. काळी. टप पत्र्याचा, कायमचा, मागे उतरत गेलेला. दोन्हींत बसायला दोघांपुरतीच जागा. मी हैदराबादला इंटरला होतो तेव्हा इंग्रजी मोटारींची मासिकं इतकी बारकाईनं वाचली की इंटरच्या पुस्तकांना वेळच उरला नाही. तेव्हा लोक हसले. आज ते ज्ञान कामाला आलं.

किशनलालनं विचारलं, मालक, बोलो, उघडी का बंद? मी म्हणालो, उघडी. बिलकुल पक्कं.

संध्याकाळी. परतीच्या मोटारीत विचार केला. बंद.

१७ एप्रिल. तीर्थपुरी.

आईला सांगितलं. आई म्हणाली, काकासाहेब, मळमास हाय. मळमासात कोनी नवं वाहन घेतं का? आखितीला घे.

मी समजावलं की धोंडा मळमासातच असतो आणि आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, मळमास संपल्यावर येते. त्यामुळे आखितीला गाडी घेऊन धोंड्याला जाता येणार नाही. आई म्हणाली, मंग बैलगाडीनं जा.

आमच्या घरात तर्कशास्त्राला फार किंमत नाही.

१८ एप्रिल.

मार्ग सापडला. गाडी *घ्यायची* नाही. ट्रायलला न्यायची. ट्रायलला मळमास लागत नाही. सौदा आखितीला. उद्या पुन्हा जालन्याला.

कडूबाला पिंपळगावला पाठवलं. कडूबा आमचा जुना सालगडी, विश्वासू माणूस, निरोप जसाच्या तसा सांगतो. निरोप: जावई दोन दिवसांत येत आहेत, मोटारीनं, वेशीपाशी गर्दी होईल, बंदोबस्त ठेवावा.

१९ एप्रिल. जालना.

किशनलाल तयार झाला. म्हणाला, मळमासात सौदा मी बी करत न्हाई, तोबा तोबा. चालवून बघा, जितकी बघायची तितकी बघा. राहण्याची सोयही त्यानं गोदामाच्या माडीवर केली. दारासमोरूनच रोज सकाळी भोकरदनची सरकारी मोटार जाते, उतारूंनी भरलेली. पुढे पिंपळगावपर्यंत जाते म्हणे. फार धूळ उडवते.

२१ एप्रिल.

कडूबा परत आला. मी जालन्यात आहे हे ऐकून इथेच आला. सासुरवाडीला मी नाही म्हणून माझ्या वाटचे धोंडे त्यालाच वाढले. वर तूप. सगुणाचा निरोप: उघडी काय न्‌ बंद काय, तुम्ही या.

तिला तांत्रिक बाजू कळत नाही. तिचा दोष नाही.

२२ एप्रिल.

ड्रायव्हिंगला सुरुवात. ड्रायव्हिंग म्हणजे मुख्यतः आत्मविश्वास, असं एका मासिकात वाचलं होतं. ते खरं आहे. पुढे जाण्यात मला काहीच अडचण नाही. गाडी मागे घेणं अजून जमत नाही, पण मागे जायची माझी वृत्तीच नाही. सरकीची तीन पोती फुटली. किशनलाल म्हणाला, होतं मालक, गाय पण रोज खातेच.

२४ एप्रिल. महत्त्वाचा दिवस.

मुख्य प्रश्न लक्षात आला. फेटा. धोंड्याचा जावई फेट्याशिवाय वेशीत शिरूच शकत नाही. बोडक्या डोक्यानं आलेल्या माणसाला लोक काय, इन्स्पेक्टर समजतील.

फेटा बांधून कूपेत बसून बघितलं. टप आड येतो. मान डावीकडे वाकवली तर बसता येतं, पण मग रस्ता आडवा दिसतो. फेटा काढून मांडीवर ठेवला आणि वेशीपाशी थांबून बांधला तर? पण गाडीतून उतरून, लोकांसमोर, काच बघत फेटा बांधणारा जावई? वेळ लागेल. पोरं जमतील. नको.

निर्णय: कन्व्हर्टिबल. अंतिम.

२५ एप्रिल.

फेटा बांधून कन्व्हर्टिबलमध्ये अंबडच्या रस्त्यावर गेलो. वेग घेतला आणि फेटा सुटला. शेवटी बाभळीवर गेला. एका मेंढरंवालीनं काठीनं काढून दिला. म्हणाली, दादा, आईनं बांधून दिल्ता का? घट्ट बांधायचा होता.

सावकाश चालवली तर फेटा राहतो. पण सावकाश स्पोर्ट्‌स कार म्हणजे मग बैलगाडीच. आईचं म्हणणं खरं ठरेल, ते मला चालणार नाही.

निर्णय रद्द.

२८ एप्रिल.

दुसरा मुद्दा, सगुणा. येताना ती माझ्या शेजारी बसणार. कन्व्हर्टिबलमध्ये सगळ्या जिल्ह्याला दिसेल की देशमुखांची सून नवऱ्याच्या शेजारी, बरोबरीनं बसली आहे. आई काय म्हणेल! कूपेत कोणाला दिसणार नाही. पण मग कोणाला दिसणारच नसेल तर एवढा खटाटोप कशाला?

खरं सांगायचं तर मला ती शेजारी बसलेली हवी आहे. लग्नाला वर्ष झालं, आम्ही चारचौघांत शेजारी बसलो ते फक्त लग्नाच्या पाटावर. तेव्हा धुरानं डोळे चुरचुरत होते, नीट बघताही आलं नाही. हे कोणाला सांगता येत नाही, म्हणून इथे लिहिलं.

कडूबाला पुन्हा पाठवलं. निरोप: जावयाचा अभ्यास शेवटच्या टप्प्यात.

३० एप्रिल.

कडूबा आला. अंगानं भरला आहे. सासूबाईंनी या खेपेला धोंड्यांबरोबर अनारसेही वाढले.

बातमी: साडू भुजंगराव येऊन गेले. सरकारी मोटारीनं आले, मांडीवर पेढ्यांचा पुडा घेऊन. वाण घेतलं, धोतरजोडी घेतली, जेवले, झोपले, गेले. मी म्हणालो, बिचारे, फटफटी नाही मिळाली वाटतं. कडूबा म्हणाला, न्हाई मालक, खूश व्हते.

सगुणाचा निरोप विचारला. कडूबा म्हणाला, वैनीसायबानं इचारलं, अजून जालन्यातच हायत का? म्या हो म्हनलं. बस.

तिची उत्सुकता वाढते आहे.

३ मे.

ऊन भयंकर. कूपेच्या आत दुपारी दहा मिनिटं बसलो. अंगाला घामाच्या धारा. कूपे बाद.

४ मे.

कन्व्हर्टिबलमध्ये दुपारी दहा मिनिटं. डोकं फिरलं. किशनलालनं कांदा हुंगायला दिला. कन्व्हर्टिबल बाद.

५ मे.

दोन्ही बाद झाल्या तर प्रश्न सुटत नाही. पुन्हा पहिल्यापासून विचार केला पाहिजे. रोज पहाटे पाच वाजता उठून एक तास फक्त विचार.

६ मे.

आठला उठलो. सरकारी मोटार नुकतीच गेली होती. धूळ अजून खाली बसली नव्हती.

८ मे.

सासऱ्यांचा, बद्रीनाथरावांचा निरोप कडूबाबरोबर आला. (कडूबा आता न पाठवताच जातो. म्हणतो, त्यायला बरं वाटतं.) सासरे म्हणाले, जावईबापूला सांगा, महिना अवसेला संपतो. अवस बुधवारी हाय. वाण काढून ठेवलंय. पहिल्या धोंड्याचं वाण घरात ठेवता येत न्हाई, घर सोडून गेलंच पाहिजे.

सासरे समंजस माणूस, पण घाई करण्याचा स्वभाव आहे.

किशनलाललाही आज सल्ला विचारला. तो म्हणाला, मालक, तुम्हाला जायचं हाय का मोटार घ्यायची हाय? मी म्हणालो, दोन्ही. तो म्हणाला, बराबर, आणि सरकी मोजायला निघून गेला. व्यापारी माणसाला नाजूक प्रश्न कळत नाहीत.

११ मे.

कडूबा शेवटचा निरोप घेऊन पुढे गेला: जावई बुधवारी, अमावास्येला, दुपारच्या जेवणाआधी, कन्व्हर्टिबलमधून. सर्वांनी वेशीपाशी उभं राहावं. कडूबानं तिथंच थांबावं, म्हणजे सामान उतरवायला माणूस राहील.

कन्व्हर्टिबल. आता ब्रह्मदेव आला तरी बदल नाही.

१३ मे, अमावास्या.

पहाटे पाच. निघतो आहे. फेट्याला चार पिना. किशनलाल हात जोडून म्हणाला, सावकाश जावा, मालक.

दुपारी बारा. जालना. राजूरपर्यंत छान गेलो. लोक थांबून बघत होते. पण राजूरच्या पुढे जायला लागलो तसं लक्षात आलं की आजच्या उन्हाला आणि धुळीला बंद गाडीच योग्य. उघड्या गाडीतून धुळीनं माखून वेशीत शिरलो तर फटफटीवाल्यात आणि माझ्यात फरक काय? मागे घेता येत नाही, म्हणून एका पडीक रानातून गोल वळसा घेतला आणि परत आलो. वाटेत इंजिन तापलं, विहिरीवर थांबलो. अर्धा दिवस गेला, पण निर्णय योग्य होता.

आता कूपे. फेटा मांडीवर.

संध्याकाळी साडेसहा. भोकरदनच्या पुढे, नाल्यात. नाला कोरडा आहे. वाळू मात्र आहे. चाकं अर्धी खाली गेली. पुढे जात नाही. मागे जाण्याचा प्रश्न नाही.

अमावास्या आहे. सूर्य मावळतोय. सगुणा आत्ता वेशीत उभी असेल का? असेल. मला इथून पिंपळगाव पायी गाठता येईल, फार लांब नाही. पण गाडी सोडून, वहाणा हातात घेऊन, अंधारात पोचणारा जावई! त्यापेक्षा सकाळी रुबाबात जाणं बरं. एका रात्रीनं काय होतं?

१४ मे.

सकाळी. रात्री कूपेतच झोपलो. मान आखडली आहे, डाव्या बाजूला. त्यामुळे टपाला डोकं लागत नाही, एवढा फायदा.

नऊ वाजता. गाडी ढकलत असताना पिंपळगावकडून सरकारी मोटार आली. नाल्यात उतरताना हळू झाली. खिडकीशी एक माणूस बसला होता, डोक्याला हा भला गुलाबी फेटा, नवा कोरा, अंगावर उपरणं. म्हटलं, भुजंगराव! दुसऱ्यांदा आहेर उकळून निघालेत. त्यांनी मला असं, वाळूत, बनियनवर बघू नये म्हणून मी चटकन गाडीच्या पलीकडे खाली बसलो. मोटार बाजूनं निघून गेली. सगळी धूळ माझ्यावर. पण अब्रू वाचली.

दुपारी. पिंपळगाव रेणुकाई. शेवटी दोन बैल लावून गाडी नाल्यातून काढली. काढली ती मागच्या बाजूनं, त्यामुळे ती पुन्हा जालन्याकडच्याच काठावर आली. मग पायी आलो. वेशीपाशी कोणी नव्हतं. एक म्हातारा तंबाखू मळत होता. त्यानं विचारलं, कुनाकडं?

सासऱ्यांनी पाणी दिलं, घोंगडी टाकली. पिठलं-भाकरी वाढली. धोंडे संपले होते. सासूबाई आतूनच म्हणाल्या, काल संपले. सासरे म्हणाले, सगुणा सकाळच्या मोटारीनं तुमच्याकडं गेली की. महिना संपला, किती दिवस ठेवायची? वाटेत भेटली न्हाई का?

मी विचारलं, एकटीच? ते म्हणाले, एकटी कशी, कडूबा हाय ना संगं.

मग मी वाणाबद्दल विचारलं. विचारायला नको होतं. सासरे म्हणाले, काल दिवस मावळस्तोवर वाट बघितली. गाव वेशीत. मंग भटजी म्हनले, अवस उलटायच्या आत वाण गेलं पायजे, जावयाच्या घरचं मानूस असंल तर त्याच्या हाती द्या. कडूबाला पाटावर बसवलं. लई न्हाई-न्हाई म्हनला. फेटा बी त्यालाच बांधला. बसला बी छान.

सासरे हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

१५ मे. तीर्थपुरी.

सरकारी मोटारीनं आलो. कूपे तिथेच, नाल्याच्या काठावर. वाटेत जालन्याला किशनलालला सांगितलं, तो बैल पाठवून नेणार आहे. म्हणाला, उद्या आखिती, सौद्याचं बघू का? मी म्हणालो, विचार करतो.

घरी आलो तर कडूबा गोठ्यात शेण काढत होता, फेटा खुंटीला. मला बघून लगेच फेटा घेऊन आला. म्हणाला, मालक, तुमचाच हाय, घ्या, म्या निस्ता आणला. मी म्हणालो, राहू दे. त्याला तो शोभतो, हे मी लांबून पाहिलं होतं. आईनं दोघांकडे बघितलं. तबक, समई, अनारसे सगळं देवापुढे नीट मांडून ठेवलेलं होतं.

सगुणा ताक करत होती. मी फेट्याचा, टपाचा, उन्हाचा सगळा प्रश्न तिला पहिल्यापासून समजावला. तिनं रवी थांबवली नाही. मग म्हणाली, रोज संध्याकाळी येशीपर्यंत जाऊन येत व्हते. बाया इचारायच्या, जावई कवा येनार? मी सांगायची, मोटार निवडून राह्यलेत. पहिल्यांदा कवतिकानं ऐकायच्या. मंग हसायला लागल्या. मंग इचारायच्याच बंद झाल्या. तवा मी रडले.

मला फार वाईट वाटलं. असं वाटलं, की त्या गोदामासमोरून रोज सकाळी मोटार जात होती, आणि मी माडीवरून बघत होतो. पण बोललो भलतंच. म्हणालो, काल नाल्यात तुम्ही मोटारीत होता, मी बघितलंच नाही.

ती म्हणाली, मी बघितलं. डायवर म्हनला, बाई, ह्यो मानूस अडकलाय, थांबू का? मी म्हनलं, चला. ओळखीचं न्हाई कोनी.

आणि मग पहिल्यांदा हसली. डोळ्यांत पाणी होतं, पण हसली. म्हणाली, पुढचा धोंडा येईल तवा तिकिटं मीच काढते. दोन. शेजारी-शेजारी. सरकारी मोटारीत कोन कुनाला बघतंय.

दोन. शेजारी-शेजारी. मी होकार दिला. बिलकुल पक्का.

मात्र मी खिडकीशी बसावं की ती, हे तोवर नीट ठरवावं लागेल.